घरच्या नेटवर्कवरील उपकरणांना कायमचे पत्ते कसे द्यावेत आणि ती अचूक कशी ओळखावीत

गावाकडच्या घरांत आता इंटरनेटच्या एकाच जोडणीवर बरेच काही चालते. आवारातले आणि कोठ्यावरचे कॅमेरे, समोरच्या खोलीत सेवा केंद्र असेल तर तिथला संगणक आणि प्रिंटर, बैठकीतला टीव्ही, वायफायवर चालणारे प्लग, शिवाय घरच्यांचे आणि पाहुण्यांचे फोन. सारे सुरळीत असते तोवर कोणत्या यंत्राला कोणता पत्ता मिळाला याची कोणी चौकशी करत नाही. मग लाईन जाते, दोन तासांनी येते, आणि कापसाच्या खोलीवरचा कॅमेरा दिसेनासा होतो. प्रिंटर चालू असूनही संगणक त्याला 'ऑफलाइन' म्हणतो. राऊटरचे पान उघडावे तर तिथे 'अननोन' नावाच्या ओळींची रांग लागलेली असते आणि त्यातली कोणती ओळ म्हणजे कोणते यंत्र, हे सांगायला कोणी नसते.

माझ्या घरी आणि नंतर गावातल्या इतर काही घरी ही व्यवस्था लावताना जी पद्धत टिकली, ती येथे क्रमाने दिली आहे. तिचा गाभा एवढाच आहे की पत्ता उपकरणात बांधू नये, राऊटरमध्ये बांधावा, आणि बांधलेला प्रत्येक पत्ता कागदावर लिहून ठेवावा. संगणकाचे शिक्षण घेतलेले नसले तरी हे काम जमते. फक्त ते घाईने करू नये.

काम सुरू करण्यापूर्वी समजून घ्यायच्या तीन गोष्टी

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. घरगुती नेटवर्कमध्ये पहिले तीन आकडे सर्वांचे सारखेच असतात आणि फक्त शेवटचा आकडा बदलतो, म्हणून बोलताना आपण 'पंचवीस नंबरचा कॅमेरा' असे म्हणू शकतो. हा पत्ता यंत्राचा स्वतःचा नसतो. राऊटरमधील डीएचसीपी नावाची सेवा तो ठरावीक मुदतीसाठी यंत्राला देते. या मुदतीला लीज म्हणतात. ती काही राऊटरमध्ये दोन तासांची, तर काहींमध्ये चोवीस तासांची असते. मुदत निम्मी सरली की यंत्र ती वाढवून मागते, आणि राऊटर सहसा तोच पत्ता पुढे चालू ठेवतो. त्यामुळे वीज अखंड असलेल्या घरात पत्ते फारसे बदलत नाहीत.

आपल्याकडे वीज अखंड नसते, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. अनेक साधे राऊटर बंद पडताना कोणाला काय दिले होते ते विसरतात. लाईन आल्यावर सगळी यंत्रे एकदम जागी होतात, ज्याने आधी मागितले त्याला आधी मिळते, आणि काल पंचवीस नंबरवर असलेला कॅमेरा आज एकतीसवर जाऊन बसतो.

तिसरी गोष्ट मॅक पत्ता. हा नेटवर्क कार्डाला कारखान्यात दिलेला क्रमांक असतो आणि तो दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्यांत लिहितात, जसे ३४:१२:९८:७०:५६:२१. त्यात शून्य ते नऊ हे आकडे आणि इंग्रजीतील ए ते एफ ही अक्षरे येऊ शकतात. पहिल्या तीन जोड्या बनवणाऱ्या कंपनीच्या असतात आणि आयईईई ही संस्था त्या कंपन्यांना वाटून देते. राऊटर यंत्राला ओळखतो तो याच क्रमांकावरून. 'हा मॅक पत्ता दिसला की त्याला हाच आयपी पत्ता द्यायचा' अशी राऊटरमध्ये नोंद करणे, याला ॲड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. पुढचा सगळा खटाटोप ही नोंद बिनचूक करण्यासाठी आहे.

जवळ ठेवायचे साहित्य

- राऊटरच्या पानाचे युजरनेम आणि पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. तो बहुधा राऊटरच्या मागील स्टिकरवर असतो. जोडणी देणाऱ्या माणसाने बदलला असेल तर त्यालाच विचारावा लागतो.
- एक लॅपटॉप किंवा संगणक. निव्वळ फोनवर काम होते, पण अडखळत होते, कारण नव्या अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर नेटवर्क तपासणाऱ्या ॲपना इतर यंत्रांचे मॅक पत्ते बहुतेक वेळा दिसतच नाहीत.
- एक लॅन केबल.
- वही, आणि पक्क्या शाईचा मार्कर. कागदी चिठ्ठ्यांचा गोंद मे महिन्यात बाहेरच्या कॅमेऱ्यावर टिकत नाही, म्हणून क्रमांक थेट यंत्राच्या अंगावर लिहिलेला बरा.
- जमल्यास राऊटरपुरता छोटा यूपीएस. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

पायरी १ : पत्ते वाटणारा एकच आहे ना, ते पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढे सगळे नीट करूनही पत्ते का बदलतात म्हणून डोके धरून बसतात.

जुन्या मातीच्या जाड भिंतींतून वायफाय पलीकडे जात नाही, म्हणून घरात एक राऊटर कंपनीने दिलेला आणि दुसरा आपण आणून लावलेला, अशी स्थिती सर्रास आढळते. दोन्ही राऊटर डीएचसीपी चालवत असतील, तर ते दोन वेगवेगळी नेटवर्क तयार करतात किंवा एकाच नेटवर्कवर परस्परांना न विचारता पत्ते वाटतात. दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण त्यात बिघाड कधी दिसतो आणि कधी दिसत नाही.

तपासायचे असे. फोन आधी पहिल्या राऊटरच्या आणि मग दुसऱ्याच्या वायफायला जोडा, आणि दोन्ही वेळा त्या जोडणीच्या तपशिलात 'गेटवे' (बाहेर जाण्याची वाट असलेल्या राऊटरचा पत्ता) पुढे काय लिहिले आहे ते पाहा. दोन्हीकडे एकच गेटवे असेल तर ठीक. वेगळा असेल, तर दुसऱ्या राऊटरच्या पानावर 'ॲक्सेस पॉइंट मोड' (स्वतः पत्ते न वाटता फक्त वायफाय पुरवणे) आहे का ते शोधा आणि तो चालू करा. तशी सोय नसेल तर तीन कामे करा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, म्हणजे मुख्य राऊटरच्याच मालिकेतला पण वेगळा ठेवा, त्याचा डीएचसीपी बंद करा, आणि मुख्य राऊटरकडून येणारी केबल त्याच्या 'वॅन' (बाहेरच्या जोडणीच्या) भोकात न लावता 'लॅन' (घरातल्या जोडणीच्या) भोकात लावा. या लेखात पत्ता यंत्रातच बांधायला सांगितलेली जागा एवढी एकच आहे. डीएचसीपी बंद केलेल्या अशा राऊटरला स्वतःचा पत्ता दुसऱ्याकडून सहसा घेता येत नाही, म्हणून तिथे इलाज नाही.

मुख्य राऊटरचे पान उघडण्यासाठी हाच गेटवेचा आकडा ब्राउझरमध्ये टाकायचा असतो. तो सगळीकडे १९२.१६८.१.१ असेल असे समजू नका. जिओफायबरच्या राऊटरचा पत्ता सहसा १९२.१६८.२९.१ असतो आणि टीपी-लिंकच्या बऱ्याच राऊटरचा १९२.१६८.०.१. आकडे टाकताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या. मराठी आकड्यांनी पान उघडेलच असे नाही.

पायरी २ : घरात फिरून यादी करा

राऊटरच्या पानापासून सुरुवात करू नका. आधी वही घेऊन घरभर फिरा आणि वायफाय किंवा केबल असलेली प्रत्येक वस्तू लिहा. पानावर दहा ओळी दिसल्या आणि वहीत आठच वस्तू असल्या, तर दोन ओळींचा शोध घ्यायचा आहे हे लगेच कळते. वही नसेल तर दहा हा आकडा बरोबर की चूक, हेच ठरवता येत नाही.

फिरताना काही वस्तू यादीत येतील पण राऊटरवर कधीच दिसणार नाहीत, त्यांच्यासमोर तशी खूण करा. बोरच्या मोटरवरचा मोबाइल स्टार्टर सिमकार्डावर चालतो. शेतातला सौर पॅनेलवरचा, रोही आणि रानडुकरांवर नजर ठेवणारा कॅमेराही बहुधा सिमकार्डाचाच असतो. यांचा घरच्या नेटवर्कशी संबंध नसतो.

घरच्या कॅमेऱ्यांचेही दोन-तीन प्रकार असतात. जाड गोल केबलने डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, जोडलेल्या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांना स्वतःचा पत्ताच नसतो. चार कॅमेरे असले तरी नेटवर्कवर एकटा डीव्हीआर दिसतो. ज्या एनव्हीआरच्या (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) मागील भोकांतून कॅमेऱ्याला वीज आणि नेटवर्क एकाच केबलने जाते, त्याचे कॅमेरे एनव्हीआरच्या आतल्या वेगळ्या नेटवर्कवर असतात, त्यामुळे राऊटरला तेही दिसत नाहीत. वायफायचे सुटे कॅमेरे मात्र प्रत्येकी एक पत्ता घेतात. असे सुटे कॅमेरे एनव्हीआरवर पत्ता टाकून जोडलेले असतील, तर एनव्हीआर त्या पत्त्यावरच चित्र शोधत राहतो आणि पत्ता बदलला की त्या कॅमेऱ्याचा चौकोन काळा पडतो. कॅमेरा मात्र चालूच असतो. बसवणाऱ्या माणसाला पैसे देऊन बोलवायची वेळ अनेकदा एवढ्याशा कारणाने येते.

पायरी ३ : ओळ आणि वस्तू यांची जोडी लावा

आता राऊटरच्या पानावर 'कनेक्टेड डिव्हाइसेस', 'डीएचसीपी क्लायंट लिस्ट' किंवा तशा नावाची यादी उघडा. नाव, आयपी पत्ता आणि मॅक पत्ता असे तीन रकाने दिसतील. नावाच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका. ते नाव यंत्र स्वतः सांगते, एकाच कंपनीच्या दोन फोनचे ते सारखे असू शकते, आणि अनेक यंत्रे ते सांगतच नाहीत. आपल्याला मॅक पत्त्याचा रकाना हवा आहे. वहीतील वस्तूशी तो जुळवण्याचे मार्ग मी भरवशाच्या क्रमाने देतो.

सर्वांत भरवशाचा मार्ग वस्तूवरचे स्टिकर. प्रिंटर, एनव्हीआर, कॅमेरा, टीव्ही यांच्या मागे किंवा तळाशी 'मॅक' असे लिहून क्रमांक छापलेला असतो. कॅमेरा उंच बसवला असेल तर शिडीवर चढण्याआधी त्याचे खोके शोधा. खोक्यावरही तो क्रमांक बहुधा असतो. येथे एक सापळा आहे. केबल आणि वायफाय अशा दोन्ही सोयी असलेल्या यंत्राला दोन मॅक पत्ते असतात, एकेका सोयीचा एक. प्रिंटरवर केबलचा क्रमांक छापलेला आणि जोडणी वायफायने, असे असेल तर तो क्रमांक राऊटरच्या यादीत सापडणार नाही. अशा वेळी यंत्राच्याच मेनूत वायफायचा क्रमांक पाहावा. बहुतेक प्रिंटर आपल्या नेटवर्कचा तपशील कागदावर छापूनही देतात, तो कागद वहीत चिकटवून ठेवा.

दुसरा मार्ग यंत्राच्या सेटिंगमधून. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, पुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल' हा शब्द, असे टंकले की प्रत्येक नेटवर्क कार्डाचा 'फिजिकल ॲड्रेस' दिसतो. विंडोज जोड्यांमध्ये आडवी रेघ लिहिते आणि राऊटर विसर्गासारखी दोन टिंबे, पण क्रमांक तोच असतो. टीव्हीमध्ये तो 'नेटवर्क स्टेटस' किंवा 'अबाउट' या भागात असतो.

तिसरा मार्ग बंद करून पाहण्याचा. वायफायचा प्लग, बल्ब अशा ज्या वस्तूंवर ना स्टिकर ना पडदा, त्यांच्यासाठी हाच कामाचा आहे. फक्त प्लग काढून राऊटरच्या यादीतून कोणती ओळ गेली हे पाहत बसू नका, कारण काही राऊटर लीज संपेपर्यंत बंद यंत्राचीही ओळ दाखवतात, आणि मग निष्कर्ष चुकतो. त्याऐवजी ज्या ओळीचा संशय आहे तिच्या आयपी पत्त्याला संगणकावरून सतत 'पिंग' करत राहा, म्हणजे 'आहेस का' असे विचारत राहा. विंडोजमध्ये 'पिंग', मग पत्ता, मग आडवी रेघ आणि 'टी' हे अक्षर, असे इंग्रजीत लिहिले की उत्तरांच्या ओळी एकामागून एक येत राहतात. घरातल्या कोणाला तरी वस्तूजवळ उभे करा. त्याने बटण बंद केले आणि उत्तरे थांबली, पुन्हा चालू केले आणि थोड्या वेळात सुरू झाली, तर जोडी पक्की. हे दोनदा करा. एकदा थांबले तर तो योगायोगही असू शकतो.

पिंगला उत्तर आले नाही म्हणजे यंत्र नाही, असेही समजू नये. विंडोजचे संगणक अनेकदा पिंगला उत्तर देत नाहीत आणि फोनचा पडदा बंद असला की तोही गप्प राहतो. तरी पिंग करून झाल्यावर लगेच 'एआरपी' ही आज्ञा आडवी रेघ आणि 'ए' अक्षर जोडून दिली, तर त्या पत्त्यावर कोणता मॅक पत्ता आढळला ते संगणक दाखवतो.

चौथा आणि सर्वांत कच्चा मार्ग कंपनीच्या नावाचा. मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी सांगणारी पाने इंटरनेटवर आहेत आणि काही राऊटर ते नाव स्वतःच दाखवतात. पण हे नाव बरेचदा आतल्या चिप बनवणाऱ्याचे किंवा जुळणी करणाऱ्याचे असते. भारतीय नावाने विकल्या जाणाऱ्या प्लगसमोर 'एस्प्रेसिफ' दिसेल, लॅपटॉपसमोर 'लाइटऑन' किंवा 'अझुरवेव्ह' दिसेल. अनोळखी चिनी किंवा तैवानी नाव दिसले की कोणीतरी आपल्या वायफायमध्ये घुसले, असा गवगवा करण्याआधी घरातले प्लग आणि बल्ब मोजून घ्यावेत.

रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पोचवणारे यंत्र, लावलेला असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. काही रिपीटर आपल्यामागच्या यंत्रांचे मॅक पत्ते बदलून राऊटरला सांगतात. स्टिकरवरचा क्रमांक आणि यादीतला क्रमांक थोडाच वेगळा, विशेषतः सुरुवातीच्या जोडीत, असा प्रकार दिसला तर बहुधा हेच कारण असते. तेव्हा नोंद यादीत दिसणाऱ्या क्रमांकाची करावी लागते, आणि तोच फोन अंगणातून घरात येऊन थेट राऊटरला जोडला गेला की ती नोंद लागू पडत नाही. रिपीटरऐवजी केबल ओढून दुसरा राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणे हा माझ्या मते यावरचा खरा उपाय आहे. केबलचा खर्च एकदाच होतो.

पायरी ४ : फोनचे मॅक पत्ते

फोनचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण फोन आपला खरा मॅक पत्ता आता सांगत नाहीत. दुकानात, बसस्थानकावर, लॉजवर एकाच क्रमांकावरून माणसाचा माग काढता येऊ नये म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता वापरतात. सोय चांगली आहे. फक्त घरच्या यादीत त्यामुळे अनोळखी ओळी वाढतात.

असा बनवलेला क्रमांक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पहिल्या जोडीतले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो क्रमांक कारखान्यातला नाही. अशा क्रमांकावरून कंपनीचे नाव शोधण्यात अर्थ नसतो. पाहुण्यांचे फोन यादीतून वेगळे काढायलाही हीच खूण उपयोगी पडते.

अँड्रॉइडमध्ये एका वायफायसाठी बनवलेला क्रमांक सहसा त्या वायफायपुरता तोच राहतो, त्यामुळे त्याचीच नोंद केली तरी चालते. मात्र वायफायचे नाव बदलले किंवा फोन पूर्ण रिसेट केला, तर क्रमांक नवा होतो. ज्या फोनला कायमचा पत्ता खरोखर हवा आहे, त्यात घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करणे अधिक निश्चित. वायफायच्या नावाजवळची दातेरी चक्राची खूण दाबून 'प्रायव्हसी' या भागात 'डिव्हाइस मॅक वापरा' हा पर्याय निवडा. फोनच्या कंपनीनुसार शब्द थोडे वेगळे असतील. आयफोनवर त्याच जागी 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस' असते. नव्या आवृत्त्यांत तिथे बंद, स्थिर आणि फिरता असे तीन पर्याय मिळतात. 'स्थिर' पुरेसा आहे. हा बदल फक्त घरच्या वायफायसाठी होतो, बाहेर फोन पूर्वीसारखाच झाकलेला राहतो.

घरच्या प्रत्येकाच्या फोनला पत्ता बांधायला हवाच असे मी मानत नाही. मुलांच्या फोनला रात्री ठरावीक वेळेनंतर नेट बंद करायचे असेल तर ठीक, अन्यथा फोन राऊटरच्या मर्जीवर सोडावेत आणि वेळ कॅमेरे, प्रिंटर यांच्यावर खर्च करावा.

पायरी ५ : आकड्यांची आखणी

घरगुती नेटवर्कमध्ये १ ते २५४ असे आकडे वापरायला मिळतात. १ राऊटरचा. पुढची वाटणी अशी करता येते: २ ते ९ इतर राऊटर आणि नेटवर्कचे स्विच, २० ते ३९ डीव्हीआर, एनव्हीआर आणि कॅमेरे, ४० ते ४९ संगणक आणि प्रिंटर, ५० ते ६९ टीव्ही, प्लग आणि ज्यांना बांधायचेच आहे असे फोन, आणि १०० ते १९९ पाहुण्यांसह बाकी सर्वांसाठी मोकळे. या मोकळ्या पट्ट्याला डीएचसीपी पूल म्हणतात. राखीव आकडे आणि पूल यांच्यामधला धुरा स्पष्ट असला म्हणजे यादीत शंभराच्या वरचा आकडा दिसताच ते यंत्र नोंदीत नाही, हे एका नजरेत कळते.

काही राऊटर, विशेषतः जोडणीसोबत मिळणारे, पूलच्या बाहेरच्या पत्त्याची नोंद स्वीकारत नाहीत. तसे असेल तर पूल २० पासून १९९ पर्यंत ठेवा आणि त्यातलेच सुरुवातीचे आकडे बांधा. नोंदींच्या संख्येलाही मर्यादा असू शकते. तेव्हा कॅमेरे आणि प्रिंटर आधी.

पायरी ६ : राऊटरमध्ये नोंद करा

राऊटरच्या पानावर 'लॅन' किंवा 'डीएचसीपी' या भागात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' असते. काही ठिकाणी त्याला 'स्टॅटिक डीएचसीपी' किंवा 'मॅक-आयपी बाइंडिंग' म्हणतात. मॅक पत्ता हाताने टंकण्याऐवजी यादीतून उचलून चिकटवा, कारण आठ आणि बी, शून्य आणि डी यांत नजर चुकते. वर्णनाचा रकाना असेल तर तिथे इंग्रजी अक्षरांत जागेचे नाव लिहा: 'कोठा', 'फाटक', 'कापूस खोली'. 'कॅमेरा एक', 'कॅमेरा दोन' अशी नावे सहा महिन्यांनी कोणालाच कळत नाहीत. नोंद जतन करून ते यंत्र बंद-चालू करा. यंत्र चालूच ठेवले तर ते जुनी लीज वाढवून घेण्याच्या वेळेपर्यंत जुन्याच पत्त्यावर राहते, आणि नोंद झालीच नाही असा समज होतो.

कॅमेरा बसवणारे अनेक जण पत्ता कॅमेऱ्याच्या आतच बांधून जातात. त्यांच्या दृष्टीने ते सोपे असते, पण राऊटर जळून दुसऱ्या मालिकेचा आला, म्हणजे १९२.१६८.१ च्या जागी १९२.१६८.२९ झाला, की ते सगळे कॅमेरे एकाच वेळी अडकून पडतात आणि प्रत्येकात शिरून पत्ता बदलावा लागतो. बांधलेला पत्ता पूलच्या आतला असेल तर राऊटर तोच पत्ता कधीतरी पाहुण्याच्या फोनलाही देऊन टाकतो आणि दोघेही अडखळतात. लॅपटॉपमध्ये पत्ता बांधलेला असेल, तर अमरावतीला किंवा नागपूरला शिकायला गेलेल्या मुलाला वसतिगृहाच्या वायफायवर नेट मिळत नाही आणि दोष वसतिगृहाला जातो. म्हणून यंत्रांत 'डीएचसीपी' किंवा 'ऑटोमॅटिक' हेच चालू ठेवावे.

प्रिंटरसाठी एक जास्तीचे काम आहे. त्याला पत्ता बांधून झाला की विंडोजमध्ये त्याच्या 'पोर्ट'च्या जागी नवा 'स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट' जोडून तोच पत्ता द्या. एवढे केल्यावर पत्ता बदलल्यामुळे येणारी 'ऑफलाइन'ची तक्रार राहत नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला सेवा केंद्रात रांग लागलेली असताना याचे मोल कळते.

पायरी ७ : लाईन जाऊन आल्यासारखे करून पाहा

सगळ्या नोंदी झाल्यावर मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तोही, कारण खरी परीक्षा सगळे एकदम बंद होऊन एकदम चालू होण्याची आहे. पाच मिनिटांनी चालू करा, आणखी पाच मिनिटे थांबा, मग राऊटरची यादी वहीशी ताडून पाहा.

एखादे यंत्र १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर दिसले, तर त्याला राऊटरकडून उत्तर मिळालेले नाही. यंत्र आधी जागे झाले, राऊटर अजून उठत होता, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घेतला. बरीच यंत्रे थोड्या वेळाने पुन्हा विचारतात, काही विचारत नाहीत. राऊटरला छोटा यूपीएस लावला की हा प्रश्न सुटतो, कारण लाईन येते तेव्हा राऊटर आधीपासूनच उत्तर द्यायला तयार असतो.

कायमच्या पत्त्याकडून न करायच्या अपेक्षा

घरातला बांधलेला पत्ता आणि कंपनीकडून पैसे देऊन घेतला जाणारा 'स्टॅटिक आयपी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेरगावाहून कॅमेरा दिसावा म्हणून दुसरा घेण्याची बहुतेक घरांना गरज नसते, कारण क्यूआर कोडने जोडले जाणारे कॅमेऱ्याचे ॲप त्याशिवाय चालते. राऊटरच्या 'वॅन' पत्त्याचा आरंभ १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे राऊटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडून बाहेरून येता येत नाही, कितीही खटपट केली तरी.

मॅक पत्ता नक्कल करता येतो, म्हणून ओळख पटण्यासाठी तो चांगला असला तरी कुलूप म्हणून कच्चा आहे. वायफायचा मजबूत पासवर्ड आणि राऊटरच्या पानाचा बदललेला पासवर्ड यांना पर्याय नाही. शिवाय आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत) चालू असलेल्या जोडणीवर फोन आणि संगणक स्वतःसाठी आणखी पत्ते तयार करतात आणि ते बदलत राहतात. त्यामुळे मुलांच्या वेळेची बंधने आयपीच्या आकड्यावर न लावता राऊटर देत असेल तर मॅक पत्त्यावर लावावीत.

पायरी ८ : यंत्र किंवा राऊटर बदलल्यावर

मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की आपल्याकडे राऊटर, डीव्हीआर आणि कॅमेरे जळण्याचा हंगाम सुरू होतो. आभाळ भरून आले की विजेचा प्लग काढतो, त्याबरोबर लॅनची केबलही काढावी; तडाखा तिच्यातूनही येतो.

कॅमेरा किंवा एनव्हीआर बदलला तर नव्याचा मॅक पत्ता वेगळा असतो. राऊटरमधील जुनी नोंद खोडून त्याच आकड्यावर नव्या मॅक पत्त्याची नोंद करा, वहीतही खोडून तारखेसह नवा लिहा. आकडा तोच राहिला म्हणून एनव्हीआरमध्ये पत्ता बदलावा लागत नाही. कंपनी आणि पासवर्ड तेच असतील तर चित्रही आपोआप परत येते.

राऊटर बदलला तर सगळ्या नोंदी त्याच्यासोबत जातात. काही राऊटरमध्ये 'बॅकअप' घेता येतो, पण ती फाइल दुसऱ्या कंपनीच्या राऊटरला चालत नाही, म्हणून वहीच खरी. क्रम असा ठेवा. नव्या राऊटरला वायफायचे जुनेच नाव, जुनाच पासवर्ड आणि सुरक्षेचा जुनाच प्रकार द्या, म्हणजे प्लग आणि कॅमेरे आपणहून जोडले जातात आणि अँड्रॉइड फोनचे बनवलेले मॅक पत्तेही तेच राहतात. मग 'लॅन' भागात राऊटरचा स्वतःचा पत्ता जुन्या राऊटरसारखाच करा. कंपनीच्या राऊटरमध्ये तो बदलता येत नसेल तर पहिले तीन आकडे नवे आणि शेवटचा जुना, असे धरून चाला. त्यानंतर पूल, त्यानंतर वहीतून एकेक नोंद, आधी एनव्हीआर आणि कॅमेरे, मग प्रिंटर. पहिले तीन आकडे बदलले असतील, तर एनव्हीआरमधील कॅमेऱ्यांचे पत्ते आणि विंडोजमधील प्रिंटरचे पोर्टही बदलून घ्या, आणि शेवटी सातवी पायरी पुन्हा करा.